मुकादमांचा ट्रॅक

शेजारचे काका हातात छत्री घेऊन दारात उभे राहिले तेव्हा किंकाळीबाई कपाटात होत्या. बाहेर लख्ख ऊन पडलेलं होतं, म्हणजे छत्री पावसासाठी नव्हती. शेजारच्या घरात कोणीतरी कोणाच्या तरी जिवावर उठलंय अशी काकांची खात्री झाली होती आणि हाताला लागलं ते उचलून ते धावत आले होते. सुनेनं दार उघडलं.

"घाबरू नका काका. आईंचं काम सुरू झालंय."

"कसलं काम?"

"ओरडायचं."

काकांना ते पटायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात आतून दुसरी किंकाळी आली, पहिलीपेक्षा सरस, आणि काकांच्या हातातली छत्री दचकून फटकन उघडली. मग सुनेनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आपली सासू कित्येक वर्षं सिनेमांत किंचाळत आलीय हे समजावून सांगितलं. काकांना आजवर वाटायचं की या बाई कुठल्यातरी लायब्ररीत असाव्यात. इतक्या हळू बोलतात.

बाई कपाटातून बाहेर आल्या त्या घामानं निथळत आणि हसत. मुलानं कपाटाचे खालचे दोन कप्पे काढून तिथं स्टूल मावेल एवढी जागा केली होती. दोन्ही बाजूंना घरातले सगळे कोट, शर्ट आणि रजया टांगल्या होत्या, समोर माइक आणि मुलाचा जुना लॅपटॉप. आत पंखा चालत नव्हता, कारण पंख्याचा आवाज येतो. दार उघडं ठेवता येत नव्हतं, कारण रस्त्याचा आवाज येतो. त्या कोंदट, डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या जागेत बाईंना आज जितकं मोकळं वाटलं तितकं गेल्या दोन वर्षांत वाटलं नव्हतं. "काका, नीट ऐकू आलं का?" त्यांनी विचारलं, आणि काका म्हणाले की खालच्या मजल्यापर्यंत गेलं असणार. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

परक्या भाषेतला सिनेमा आपल्या भाषेत आणायचा तर नायक-नायिकेला नवे आवाज लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांच्या मागे बाजार असतो, कोर्ट असतं, बुडणारं जहाज असतं, आणि त्या सगळ्यांना तोंडं असतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही. ती तोंडं म्हणजे बाई आणि त्यांची टोळी. टोळीत खरी नावं कोणी वापरत नसे. रडकी होती, जी रडायची एवढं खरं की माइक बंद झाल्यावरही रेकॉर्डिंगवाल्यांचे डोळे ओले असायचे, आणि एरवी पोट धरून हसायची. फेरीवाला होता, जगातलं काहीही विकायचं असेल तर त्याचा आवाज. आजी होती, जी सगळ्यांत धाकटी, दोन शाळकरी मुलांची आई, पण तोंड उघडलं की ऐंशी वर्षांची. आणि मधोमध मुकादम. मुकादमांचा हात वर गेला की बाजार उठायचा, हात खाली आला की बसायचा. पाचही जण एकाच माइकभोवती गोल करून उभे राहायचे आणि पाचांचे पन्नास व्हायचे.

गर्दीत बोलायचं काय? काहीही. शब्द कळता कामा नयेत एवढीच अट. मग टोळीनं वर्षानुवर्षं आपापल्या घरचंच बोलून घेतलं होतं, आणि तेही मुकादमांकडे बघून, कारण ते समोर असायचे आणि त्यांच्यासारखं ऐकणारं माणूस दुसरं नव्हतं. रडकीच्या बहिणीचं लग्न एका भूकंपात ठरलं होतं. आजीनं नोकरी सोडायची की नाही याचा निकाल एका खटल्याच्या गर्दीत लागला होता. नवरा गेल्यानंतर बाई कामावर परत आल्या त्या दिवशी सर्कशीचा सीन होता. पडद्यावर हत्ती सायकल चालवत होता आणि बाई मुकादमांना सगळं सांगत होत्या, हॉस्पिटल, शेवटचा आठवडा, न झालेलं बोलणं. मुकादम तोंड हलवत, मान हलवत उत्तर देत होते. ते नेमकं काय म्हणाले ते बाईंना नंतर आठवलं नाही, पण काहीतरी धीराचं म्हणाले होते आणि त्याच दिवसापासून आपण पुन्हा जेवायला लागलो, असं त्या आजही सांगत.

मग स्टुडिओचे मालक वारले. त्यांच्या मुलांनी जागा विकली आणि आता तिथं बाथरूमच्या फरशा मिळतात. तोवर कामाची सगळी तऱ्हाच पालटली होती. नायक आपल्या घरी बसून बोलतो, नायिका दुसऱ्या शहरातल्या तिच्या घरी, आणि दोघांचं भांडण जोडणारा तिसऱ्याच गावात. मोठ्या आवाजांना हे मानवलं. गर्दीचं मात्र कोणी विचारलं नाही, कारण गर्दी यंत्रात तयार मिळायला लागली होती. बाई टीव्ही बघताना हैराण व्हायच्या. प्रत्येक बाजारात तोच म्हातारा त्याच जागी खोकायचा, कोर्टातही खोकायचा. "याला कोणीतरी औषध द्या," असं म्हणून त्या चॅनेल बदलायच्या, तर पुढच्या चॅनेलवर तो आधीच येऊन बसलेला.

अशा वेळी छोटीचा फोन आला. छोटी म्हणजे स्टुडिओत वायरी गुंडाळायला आलेली मुलगी; आता एका मोठ्या कंपनीत साउंडची सगळी सूत्रं तिच्या हातात होती. एक लांबलचक मालिका आली होती, बंदराच्या गावातली, आणि दर दोन सीनमागे गर्दी. तयार गर्दीला ती कंटाळली होती. पण वरच्या साहेबांना पटवणं भाग होतं. बंदराचा एक सीन टोळीनं आपापल्या घरून करून दाखवायचा. साहेबांना पटला तर सगळी मालिका टोळीची, नाही पटला तर खोकणारा म्हातारा. बाईंनी फोन ठेवला आणि त्याच मिनिटाला सगळ्यांना फोन केले. मुकादम लेकीकडे राहायला गेले होते, रात्रभराच्या प्रवासाइतकं दूर. त्यांना वाटलं, आपलं आता काय काम. बाई म्हणाल्या, "मुकादम, आता गावाबिवाचं काही राहिलं नाही. तुम्ही तिथून हात वर करायचा, आम्ही इथून ओरडतो."

पहिली तालीम म्हणजे निव्वळ फजिती होती, आणि इतकं हसणं बाईंच्या कपाटात यापूर्वी कधी झालं नव्हतं. आधी तर यंत्र त्यांचा आवाजच पुढे जाऊ देईना. सगळे एकदम बोलले की ते त्याला गोंगाट समजायचं आणि पुसून टाकायचं. बाईंच्या मुलानं सगळ्यांना फोनवरून सांगून कुठलं बटण बंद करायचं ते शिकवलं. मग दुसरी अडचण. एकाचा आवाज दुसऱ्याला पोहोचायला किंचित उशीर व्हायचा, त्यामुळे रडकीनं तोंड उघडलं की फेरीवाला थांबायचा, फेरीवाल्यानं सुरुवात केली की आजी म्हणायची, बोला बोला, आधी तुम्ही. छोटीनं डोक्याला हात लावला. "ही शेवटच्या बोटीवर चढणारी गर्दी आहे की दवाखान्यातली रांग?" मग मुकादमांनी हात वर केला, टोळी उठली, आणि नेमकं त्यांचं चित्र अडकलं. स्क्रीनवर हात वरच्या वर. हात खाली येत नाही तोवर थांबायचं नाही ही इतक्या वर्षांची सवय. चौघं ओरडतायत, ओरडतायत, रडकीचा श्वास संपला, फेरीवाल्याला ठसका लागला, बाई डोळ्यांपुढे काजवे येईपर्यंत किंचाळत राहिल्या, आणि तिकडे मुकादमांनी हात केव्हाच खाली करून चहा मागवला होता.

पण तिसऱ्या दिवशी जमलं. युक्ती बाईंनाच सुचली. पलीकडून काय येतंय त्याची वाट बघायची नाही. मुकादमांचा हात उठला की आपण सुटायचं, बाकीचे काय बोलत असतील ते आपल्याला माहीतच आहे. प्रत्येकाचा आवाज प्रत्येकाच्या घरीच नोंदला जात होता, मागून ते सगळे ट्रॅक छोटी एकावर एक बसवणार होती. चौघं सुटली. बोट सुटतेय, पोरं हरवलीयत, सामान पाण्यात पडतंय, आणि त्या सगळ्यात आजी मुकादमांना भाडेकरूनं कसा त्रास दिला ते सांगतेय आणि रडकी त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारतेय. बाईंनी मुकादमांच्या त्या चौकोनातल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की कपाटातल्या हँगरांनी साथ दिली. हात खाली आला. पाचही जण एकदम बोलायला लागले. बाई कपाटातून धावत बाहेर आल्या आणि सुनेला मिठी मारली. त्या घरात असं सहसा कोणी कोणाला करत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीचा फोन आला. आधी ती हसली. आजीच्या भाडेकरूची सगळी भानगड तिला तोंडपाठ झाली होती, कारण आता प्रत्येकाचं बोलणं सुटं, स्वच्छ ऐकू येत होतं. मग ती मुद्द्यावर आली. "बाई, चार ट्रॅक मस्त आहेत. मुकादम काकांचा ट्रॅक रिकामा आहे."

"माइक बंद राहिला असेल. त्यांना काय कळतंय त्यातलं."

"माइक चालू होता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येतेय, शर्टाच्या बाहीची सळसळ येतेय, श्वास येतोय. फक्त आवाज नाही." तिनं तालमींचे ट्रॅकही उघडून पाहिले होते. सगळे तसेच. "बाई, मी स्टुडिओत लागले तेव्हापासून यांना गर्दीत बघतेय. पण तिथं एकच माइक होता. कोण बोलतंय, कोण नाही, कळायला मार्गच नव्हता."

बाईंना राग आला. पोरगी मोठी झाली म्हणून काहीही बोलायचं का. त्यांनी मुकादमांचा आवाज स्वतः ऐकला होता, पुरात, दंग्यात, विमानतळावर. त्यांनी रडकीला फोन लावला. रडकीही ठाम होती. मुकादमांचा तो दणदणीत आवाज कोण विसरेल. "मग काढून दाखव," बाई म्हणाल्या. आता रडकी म्हणजे अशी बाई की दूधवाल्यापासून मंत्र्यापर्यंत कोणाचीही नक्कल जागेवर करायची. ती फोनवर घसा खाकरत राहिली. मग म्हणाली, तू काढ. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांनाही काही सापडेना. मुकादमांचं चहाच्या वेळचं बोलणं त्यांना काढता येत होतं, हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखं. सगळ्यांना वाटायचं ते घसा जपतात. पण गर्दीतला आवाज? फेरीवाल्याला विचारलं, आजीला विचारलं. दुसऱ्यांच्या आवाजांवर जन्म काढलेली चार माणसं, आणि रोज मधोमध उभ्या असलेल्या माणसाची आरोळी चौघांनाही काढता येईना. काढणार कुठून; ती कोणी ऐकलीच नव्हती.

बाईंनी मुकादमांना फोन लावला तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "झाकली मूठ होती बाई. या यंत्रानं उघडली," ते म्हणाले आणि हसले. मग आपल्या त्या हळू आवाजात त्यांनी सांगितलं. टोळीतलं दुसरं कोणी यायच्या आधीची गोष्ट. ते मोठ्या भूमिका मागायला आले होते, पण आवाज असा की नायकाला जड आणि खलनायकाला गोड, ना धड इकडचा ना धड तिकडचा. मालकांनी गर्दीत घेतलं. तिथं निराळीच पंचाईत. ते बोलले की बाकीची गर्दी मरायची आणि ते एकटेच ऐकू यायचे. गर्दीत मिसळत नाही म्हणून मालकांनी त्यांना काढलं. तर दुसऱ्या दिवशी बाकीची माणसं ओल्या काडेपेटीसारखी, घासा कितीही, पेटेनात. मालक अनुभवी होते. त्यांनी परत बोलावलं आणि बजावलं, मधे उभा राहा, हात हलव, तोंड हलव, आवाज काढायचा नाही. चार दिवसांचं असेल असं तेव्हा वाटलं. नंतर तेच काम झालं, आणि टोळीला सांगायची लाज वाटायला लागली.

बाईंना फसवलं गेल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी या माणसासाठी वाईटही वाटत होतं. शेवटी त्यांनी तेच विचारलं जे विचारायचं त्यांना भय वाटत होतं. "मग मला त्या सर्कशीत धीर कोणी दिला?"

"तुम्ही बोललात," मुकादम म्हणाले. "मी ऐकलं."

आणि मग त्यांनी सांगून टाकलं की आपण आता येणार नाही. छोटीला वर हिशोब द्यावा लागतो, ट्रॅकमागे माणूस दाखवावं लागतं, रिकाम्या ट्रॅकचं ती काय सांगणार. त्यांच्यामुळे चौघांचं काम जाऊ नये. "तुम्ही चौघं करा. छान जमतंय तुमचं."

चौघांनी केलं. सुरुवात आणि शेवट छोटी कॉम्प्युटरवर जुळवून देणार होती, त्यामुळे हाताची तशी गरज नव्हती. बाईंनी सगळं नीट केलं. श्वास बरोबर, उंची बरोबर, किंकाळी जिथं फुटायची तिथं फुटली. पण समोर बघायला कोणी नव्हतं. त्या रजईकडे बघून किंचाळल्या आणि आपण रजईकडे बघून किंचाळतोय हे त्यांना स्वतःला ऐकू आलं. छोटीनं चारही ट्रॅक एकत्र करून वाजवले. सगळे ऐकत राहिले.

"गर्दी आहे," छोटी म्हणाली. "पण कोणाला कुठं जायचंय असं वाटत नाही."

बाईंचं डोकं त्या क्षणापासून भन्नाट चालायला लागलं. हाताशी आलेलं काम असं सपक करून घालवायचं नव्हतं, आणि मुकादमांना वगळून ते मिळवायचंही नव्हतं. त्यांनी सीनची पानं पुन्हा वाचली. गर्दी बंदरावर, शेवटची बोट, आणि बोटीवरचा नावाडी ओरडतो, बोट भरली, आता एकही माणूस चढणार नाही. त्यावर गर्दी फुटते. नावाड्याचं हे एकच वाक्य. त्यासाठी एक नावाजलेला आवाज पुढच्या आठवड्यात येणार होता. बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून छोटीशी भांडल्या. सुनेनं गॅस बारीक केला आणि ऐकत राहिली. गर्दीत मिसळत नाही ना आवाज? मग नावाड्याचा आवाज कशाला मिसळायला हवा? तो गर्दीवरून जायला हवा. ते वाक्य मुकादमांना दे; त्यांच्या ट्रॅकवर आवाज येईल, साहेबांना माणूस दाखवता येईल, आणि हात वर करायला मुकादम समोर असतील.

छोटीला ते पटलं, आणि पटल्यामुळेच ती घाबरली. "बाई, पक्का सीन घेऊ त्या दिवशी साहेब थेट ऐकणार आहेत. काकांनी इतकी वर्षं आवाज काढलेला नाही. तिथं फाटला तर नुसतं वाक्य जाणार नाही, सगळी टोळी जाईल."

हे एकटीनं ठरवायचं नव्हतं. बाईंनी सगळ्यांना विचारलं. रडकी लगेच हो म्हणाली, आजीही. फेरीवाल्याला हे काम सगळ्यांपेक्षा जास्त हवं होतं. गेली दोन वर्षं तो कुठल्याशा दुकानाच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होता, आणि दिवसभर तोंडातून एवढाच शब्द. "मला काम पाहिजे," तो शेवटी म्हणाला. "पण त्यांच्याशिवाय जे निघालं ते मलाही ऐकवेना. विचारा त्यांना."

मुकादम नाहीच म्हणत होते. आवाज उरलाय की नाही हेच माहीत नाही, ते म्हणाले, आणि तुमच्या सगळ्यांच्या जिवावर ते बघायचं धाडस नाही. बाईंनी समजावलं, चिडल्या, पुन्हा समजावलं. मग त्या म्हणाल्या, "मी तुमच्याकडे बघून आयुष्यभर किंचाळले. एकदा तुम्ही माझ्याकडे बघून ओरडा." मुकादमांनी हो म्हटलं नाही. फोन ठेवताना मात्र ते म्हणाले की सकाळी लेक कामावर गेली की खोली मोकळी असते.

साहेब ऐकणार होते त्या सकाळी बाई इतक्या लवकर तयार झाल्या की सुनेनं विचारलं, स्टुडिओत जायचंय का. शेजारच्या काकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं; त्यांनी घरात दोन पाहुणे बोलावून ठेवले होते, ऐकायला. कपाटात दोन शर्टांच्या मधे बसल्यावर बाईंचं काळीज असं धडधडायला लागलं की माइकमधे येईल की काय अशी भीती वाटली. स्क्रीनवर एकेक चौकोन उजळला. रडकी, तिच्यामागे गाद्यांची भिंत. आजी, मुलांच्या खोलीत, डोक्यावर पांघरूण. फेरीवाला बंद गाडीत बसला होता. मुकादम लेकीच्या घरातल्या कपडे वाळत घालायच्या खोलीत, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि एक काळा चौकोन, ज्यात साहेब होते आणि कॅमेरा बंद होता. छोटी सगळ्यांना धीर देत होती, आणि तिचाच आवाज जरा वर चढलेला होता.

मुकादमांचा हात उठला आणि बंदर उठलं. बाईंना ते लगेच कळलं. आज कोणाला तरी कुठंतरी जायचं होतं. फेरीवाला सामान उचलायला हमाल बोलावत होता, आजी गुडघे दुखत असूनही पुढे घुसत होती, रडकीचं पोर हरवलं होतं आणि ती त्याला हाक मारत होती, आणि मधेच मुकादमांना विचारत होती की रात्री झोप लागली का. बाई पुढे सरकत होत्या. त्यांची किंकाळी नावाड्याच्या वाक्यानंतर होती. हात हळूहळू खाली आला, गर्दी ठरल्याप्रमाणे दबली, मुकादमांनी कॅमेऱ्यात, थेट बाईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंड उघडलं.

"बोट भरली! आता एकही माणूस चढणार नाही!"

तो आवाज कसा होता हे बाईंना नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. मोठा होता, पण त्याची जादू मोठेपणात नव्हती. त्यात दटावणी होती आणि मागे राहणाऱ्यांची दया होती, दोन्ही एकाच दमात. तो हेडफोनमधून आला आणि बाईंच्या डोक्यात उभा राहिला. इतकी वर्षं आपण याच्या शेजारी उभे होतो, हाताच्या अंतरावर, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि किंकाळी राहिली. रडकीची हाक राहिली. फेरीवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. आजीनं डोक्यावरचं पांघरूण काढलं होतं. गर्दी फुटायची त्या जागी बंदरावर कोणीच नव्हतं.

"अरे, गर्दी कुठंय?" छोटी म्हणाली, पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता.

मग काळा चौकोन पहिल्यांदाच बोलला. साहेबांचा आवाज साधा, थोडा सर्दी झालेला होता. "नावाडी पुढच्या भागांतही आहे ना?"

"आहे," छोटी म्हणाली. नव्हता, पण पुढच्या भागांत हा आवाज कुठंतरी लावायचाच हे तिनं त्याच क्षणी ठरवलं असणार.

"मग ठीक. ही सगळी माणसं ठेवा. फक्त गर्दी राहिली, ती परत घ्या."

फेरीवाल्यानं गाडीच्या स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि चुकून हॉर्न वाजला. सगळे हसले, आजी हसता हसता रडायला लागली आणि रडकीनं तिला सांगितलं की ते माझं काम आहे. काम मिळालं होतं. बाईंना कपाटाचं दार लाथेनं उघडून सुनेला सांगावंसं वाटत होतं, पण अजून एक टेक बाकी होता. त्यांनी डोळे पुसले आणि स्टूल पुढे ओढलं.

मुकादम एकटेच हसत नव्हते. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली, घसा खाकरला आणि अपराध्यासारखं आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "माझ्यामुळे बिघडलं सगळ्यांचं. या वेळी जरा कमी आवाजात बोलतो, म्हणजे मिसळेल."

छोटी काहीतरी बोलणार होती, पण बाईंनी माइक जवळ ओढला.

"मुकादम," त्या म्हणाल्या, "मिसळू नका."

मुकादमांनी मान हलवली. ते जरा ताठ बसले, आणि चौघंही आपापल्या जागी, श्वास भरून, ते बोलायची वाट बघू लागली.